पावडरसाठी, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठी, स्की किती रुंद घ्यावी? वजनाने हलक्या आणि चणीने लहान ग्राहकांसाठी

गुलमर्गला निघण्याआधी आमच्याकडे स्की भाड्याने घ्यायला येणारे बरेच जण एक आकडा मनात पक्का करूनच येतात: ११२, ११५, कधी ११८. गुलमर्गच्या वरच्या अफरवाट शिखराच्या भुसभुशीत बर्फात जायचं म्हणजे रुंदच स्की हवी, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. सांगणारा बहुधा ८०-८५ किलोचा गडी असतो आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. तुमचं वजन ४५ ते ५८ किलो आणि उंची सव्वापाच फुटांच्या आसपास असेल, तर मात्र हा आकडा तुमचा नाही.

आधी आकड्याविषयी. स्कीवर १२८-९८-११८ असे तीन आकडे छापलेले असतात. टोक, कमर आणि शेपटी यांची ही मिलिमीटरमधली रुंदी. आपण नुसतं ‘रुंदी’ म्हणतो ती मधली, म्हणजे बुटाखालची कमर.

तरंगायला किती लागतं?

समुद्रकिनारी ओल्या वाळूत लहान मूल आणि मोठा माणूस शेजारी शेजारी चालले, तर मुलाची पावलं इवलीशी असूनही कमी रुततात. बर्फातही तसंच आहे. ८५ किलोचा माणूस कपडे, बूट आणि सॅक धरून ९५ किलो होतो. १८४ सेंटिमीटर लांब, ११२ कमरेच्या जोडीवर तो उभा राहिला की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २१ ग्रॅम भार येतो. तुम्ही ५० किलोचे, सामानासह ५८. तुमच्या पायात १६२ सेंटिमीटरची ९८ कमरेची जोडी असेल, तर तोच भार १६ ग्रॅम होतो. ८८ ची घेतलीत तरी १७ च्या घरात. हिशेब ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट आहे: ज्या स्कीला तो ‘अरुंद’ म्हणतो, तिच्यावरही तुम्ही त्याच्यापेक्षा वर तरंगता.

मग जास्तीची रुंदी घेतली तर बिघडलं काय? बिघडतं ते एजवर, म्हणजे स्कीच्या पोलादी कडेवर. वळताना स्की कलते आणि बर्फ त्या कडेला खालून रेटून तिला पुन्हा सपाट करू पाहतो. कड पायाच्या मध्यापासून जितकी लांब, तितका घोट्याला आणि गुडघ्याला जोर जास्त लावावा लागतो. ९६ च्या स्कीत हे अंतर ४८ मिलिमीटर, ११२ च्या स्कीत ५६. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण दिवसभराच्या शेकडो वळणांत लहान पायाला तो चांगलाच जाणवतो. शिवाय गुलमर्गचा कोवळा बर्फ दुपारपर्यंत तुडवला जातो. गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावरून कोंगडोरी या मधल्या स्थानकाला आणि तिथून खाली तळापर्यंत येताना उंचवटे, चाकोऱ्या, मध्येच कडक पट्टे लागतात. तिथे रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ घेते.

काही वर्षांपूर्वी आम्ही ४८ किलोच्या एका ताईंना ११४ कमरेची ताठ स्की दिली होती. तिसऱ्या दिवशी गुडघे धरून बसावं लागलं आणि उरलेली सहल त्यांनी खोलीच्या खिडकीतून पाहिली. चूक आमची होती. तेव्हापासून वजन विचारल्याशिवाय आम्ही स्की काढत नाही.

रुंदीपेक्षा मऊपणा पाहा

आमच्या मते खरा निकाल इथे लागतो. भुसभुशीत बर्फात स्कीचं टोक वर यायला हवं, आणि त्यासाठी स्की तुमच्या वजनाने वाकायला हवी. ८५ किलोच्या माणसाला बेताची वाटणारी स्की ५० किलोच्या माणसाखाली फळीसारखी ताठ राहते. मग टोक बर्फात घुसतं, आपण मागे झुकतो आणि मांड्या भरून येतात. म्हणून आत धातूचे पत्रे असलेली जड स्की टाळा. टोकाला चांगला रॉकर, म्हणजे आधीपासूनच वर घेतलेला बाक, असलेली निवडा. दुकानात शेपटी जमिनीवर टेकवा, एका हाताने टोक धरा आणि दुसऱ्या तळहाताने मध्ये दाबा. दोन-चार जोड्या अशा दाबून पाहिल्या की फरक हाताला कळतो.

‘महिलांसाठी’ असं लिहिलेल्या स्कीचा गाभा पुष्कळदा हलका असतो आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, किंचित पुढे बसवायची खूण असते. हलक्या चणीच्या पुरुषांनी आणि कॉलेजच्या मुलांनीही ती निःसंकोच घ्यावी. रंगावर जाऊ नका.

लांबी मात्र फार कापू नका. रॉकरच्या स्कीचं टोक हवेतच राहत असल्याने ती बर्फावर आखूड भासते. मध्यम सराव असेल तर कपाळापासून डोक्यापर्यंत, नवखे असाल तर हनुवटी ते नाक.

आम्ही काय देतो

जानेवारी-फेब्रुवारीत, मध्यम सरावाच्या हलक्या ग्राहकाला ९४ ते १०२. आखलेल्या उताराबाहेर पहिल्यांदाच जाणाऱ्याला ८८ ते ९४. आठवडाभर वरच्याच टप्प्यावर राहणाऱ्या, पाय तयार असलेल्यांना १०४ ते १०८. त्यापुढची जोडी आम्ही स्वतःहून सुचवत नाही. मार्चमध्ये दुपारी बर्फ ओला आणि जड होतो, तेव्हा तर अरुंद बाजूच बरी.

बाइंडिंगही तपासून घ्या. रुंद पावडर स्कीवर अनेकदा दणकट बाइंडिंग असतं आणि किती जोर आल्यावर बूट सुटावा हे ठरवणारा त्याचा सर्वांत खालचा आकडाच ५ किंवा ६ असतो. तुम्हाला ४ लागत असेल, तर पडल्यावर बूट सुटणार नाही आणि पाय पिरगळेल. ही एक गोष्ट आम्ही कुणाच्याही आग्रहाखातर सोडत नाही.

कोणतीही रुंदी हिमस्खलनापासून वाचवत नाही. स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांची सुरक्षितता पाहणाऱ्या पथकाने, उतार खुला केलेला असेल तरच जा. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) सोबत हवेतच, आणि ते वापरायचा सरावही.

येताना वजन, उंची, वय आणि आतापर्यंत किती दिवस स्कीइंग केलं ते सांगा. बूट स्वतःचे असतील तर घेऊनच या. टाचेजवळ सोलची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, बाइंडिंग लावायला तीच लागते.