मशीनमध्ये बोट गेलं तर पैसे कुणी द्यायचे? कामगार भरपाईच्या कायद्याची पार्श्वभूमी

कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसखाली कुणाचा हात सापडला, की त्याला दवाखान्यात पोचवायच्या आधीच शॉप फ्लोअरवर कुणीतरी बोलून जातं, 'चूक त्याचीच होती.' या एका वाक्यावर पुढचं सगळं ठरतं. मालक दवाखान्याचं बिल भरतो, वर थोडे पैसे देतो, कागदावर सही घेतो आणि घरचेही गप्प बसतात. प्रत्यक्षात 'चूक कुणाची' ही भाषा बाजूला ठेवण्यासाठीच 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला होता.

त्याआधी काय होतं? 1855 चा जीवघेण्या अपघातांचा कायदा होता, पण तो माणूस दगावला तरच उपयोगाचा. तिथंही वारसांनी दिवाणी कोर्टात मालकाचा दोष सिद्ध करायचा. हाताला काम नसलेल्या घराने वकील लावून गिरणीमालकाशी भांडायचं! जर्मनीने 1884 मध्ये आणि इंग्लंडने 1897 मध्ये वेगळी वाट धरली. यंत्रं आली की अपघात होणारच, तेव्हा त्यांचा खर्च कोळशाच्या आणि तेलाच्या खर्चासारखा धंद्याच्या खात्यावरच पडला पाहिजे, हा त्यामागचा विचार. हिंदुस्थानात तो 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. कामामुळे आणि कामावर असताना इजा झाली, एवढं दाखवलं की पुरे. मालक निष्काळजी होता हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

रक्कम मात्र हात आखडूनच होती. कामगार मेला तर 30 महिन्यांचा पगार किंवा 2,500 रुपये, यातलं जे कमी असेल ते.

आपल्या सांगली-सातारा भागाची गोष्ट आणखी निराळी. कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. सातारा 1848 मध्येच खालसा झालेला, आणि तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. पण सांगली, मिरज पटवर्धनांची संस्थानं होती आणि 1910 मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती. म्हणजे ज्या गावात लोखंडी नांगर आणि पंप तयार होत होते, तिथल्या कामगारापर्यंत ब्रिटिश सरकारचा हा कायदा आपोआप पोचत नव्हता, आणि काही मैलांवरच्या ब्रिटिश हद्दीतल्या कामगाराला तो लागू होता. 1948 मध्ये संस्थानं विलीन झाली, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. विलीनीकरणानंतर ही सीमा पुसली गेली.

खरा पालट 1984 च्या दुरुस्तीने झाला. 'जे कमी असेल ते' जाऊन 'जे जास्त असेल ते' आलं, आणि वयानुसार गुणक ठरले, म्हणजे पगाराच्या ठरलेल्या टक्क्यांना ज्याने गुणायचं ते आकडे. पुढे टक्केवारी आणि किमान रक्कम वाढत गेली. 2009 च्या दुरुस्तीनंतर मृत्यूसाठी महिन्याच्या पगाराच्या 50 टक्के गुणिले गुणक, पण 1,20,000 पेक्षा कमी नाही. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 60 टक्के गुणिले गुणक, किमान 1,40,000. या हिशेबात धरायच्या पगाराची कमाल मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून 15,000 झाली. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च त्याशिवाय.

हे आकडे एका बोटावर लावून पाहू. तीस वर्षांचा ऑपरेटर, पगार 15,000, तर्जनी पूर्ण गेली. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000. तिशीचा गुणक 207.98, म्हणून पूर्ण अपंगत्वाची रक्कम 18,71,820. कायद्याच्या कोष्टकात पूर्ण तर्जनीला 14 टक्के आहेत. भरपाई येते सुमारे 2,62,000 रुपये. दवाखान्याच्या बिलावर प्रकरण मिटलं, की एवढे पैसे त्या घरातून जातात.

आता 'चूक त्याचीच' या मुद्द्याकडे येतो. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, म्हणजे डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) खाली येताना हात बाहेरच राहावेत. टार्गेट वाढलं की एक बटण पाचर मारून दाबून ठेवतात, आणि ते सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत चालतं. अपघात झाल्यावर तोच म्हणतो, 'गार्ड तूच काढलास.' दारू पिऊन काम करणं, किंवा सुरक्षेचा नियम वा साधन जाणूनबुजून धुडकावणं, हे अपवाद कायद्यात आहेत. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ते लागू होत नाहीत. बाकी प्रकरणांतही नुसता निष्काळजीपणा पुरत नाही, जाणूनबुजून हा शब्द आहे आणि तो मालकाने सिद्ध करायचा असतो. रोज डोळ्यांसमोर चालू दिलेल्या गोष्टीबद्दल ते सिद्ध करणं सोपं नाही, हे कामगाराने लक्षात ठेवावं.

अपंगत्व मोजतानाही नुसतं कोष्टक बघून चालत नाही. 1976 साली छापून आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या सुताराला पूर्ण अपंग मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्यात स्पष्ट झालं. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड, अशी तरतूद आली.

कंत्राटी माणसाला 'तू ठेकेदाराचा' म्हणून हात झटकता येत नाहीत. काम मुख्य मालकाच्या धंद्याचं असेल तर जबाबदारी त्याच्यावरही येते, मग ठेकेदाराकडून वसूल करायचं ते त्याने करावं. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड असलेल्याला मात्र हा मार्ग नाही. त्याला तिथूनच अपंगत्वाचा लाभ मिळतो, तात्पुरत्या इजेत पगाराच्या 90 टक्के. शेतीतही यंत्रावर काम करणारा मजूर कायद्यातल्या कामगारांच्या यादीत होता, म्हणजे हडंब्यावर (मळणीयंत्रावर) हात गेलेल्याचा मालक शेतकरी असला तरी प्रश्न उठतो. ही गोष्ट गावात फार थोड्यांना ठाऊक आहे.

आणि घरात बसून केलेली तडजोड? मृत्यूची भरपाई या कायद्याखाली दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे जमा करावी लागे, थेट वारसांच्या हातात ठेवलेले पैसे त्यात धरत नसत. तडजोडीचा करार त्यांच्याकडे नोंदवला नाही तर मालकाची पूर्ण जबाबदारी कायम राहायची. दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, म्हणून 'नंतर बघू' हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनचा निकाल दिला. पहाटे तीनच्या ड्यूटीला मोटारसायकलवरून निघालेला माणूस 2003 मध्ये वाटेतच गेला होता. घर ते कामाची जागा हा प्रवास कामाशी जोडलेला असेल तर तो अपघातही भरपाईत येतो, असं न्यायालयाने ठरवलं. हंगामात रात्रपाळीला निघणाऱ्या इथल्या साखर कामगारांनाही हे लागू पडतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. येण्याजाण्याचा हा नियम तिच्यात थेट लिहिलेला आहे.