स्वमग्न मुलांतील कारक अडचणी आणि स्वावलंबन

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या अनेक मुलांना शरीराच्या हालचालींचा मेळ बसवणे जड जाते. आंघोळ, कपडे, जेवण, शौच या रोजच्या कामांत ते आधी दिसते. कारक म्हणजे हालचालींशी निगडित. चालणे, उडी, तोल यांना स्थूल कारक कौशल्ये आणि बोटांच्या कामांना सूक्ष्म कारक कौशल्ये म्हणतात. ‘स्वमग्नता’ऐवजी ‘आत्ममग्नता’ असाही शब्द वापरला जातो. दोन्ही शब्दांत मनावर भर आहे, शरीराचा मागमूस नाही. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे कोल्हापूर परिसरातील घरगुती व्यवहारातून घेतली आहेत.

पूर्वपीठिका : हालचालींतील अवघडलेपणाची सर्वांत जुनी नोंद कोणाची, यावर मतभेद आहेत. प्रथा बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधापासून सुरुवात करण्याची आहे. त्यांनी ११ मुलांचे वर्णन केले. त्यांपैकी काहींची चाल व मोठ्या हालचाली बेंगरूळ आहेत, पण बोटांच्या बारीक कामात सगळीच मुले तरबेज आहेत, असे त्यांनी लिहिले. हे एक वाक्य पुढे फार महाग पडले. मूल ठोकळे सफाईने रचते, मग बटण लावत नाही ते हट्टाने, असा अर्थ त्यातून सहज निघतो. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्परगर यांनी १९४४ मध्ये उलट चित्र रंगवले : त्यांनी पाहिलेली मुले बोजड होती आणि रोजची साधी कामे मुश्किलीने शिकत. त्याआधी, साधारण १९२५-२६ च्या सुमारास, मॉस्कोतील मनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांच्या वर्णनात हालचालींचा बेढबपणा नोंदवला होता. कालक्रमाने पाहता अग्रमान त्यांच्याकडे जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखानंतर ‘बोजडपणा’ ही अ‍ॅस्परगर प्रकाराची (अ‍ॅस्परगर यांनी वर्णिलेल्या मुलांसारख्या स्वमग्नतेची) खूण समजली जाऊ लागली. कॅनर व अ‍ॅस्परगर प्रकारांतील हा भेद पुढच्या चाचण्यांत नीट टिकला नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या पाचव्या निदानपुस्तिकेत दोन्ही प्रकार एकत्र आले. त्यात कारक अडचण निदानाचा निकष नाही, केवळ सोबतचे लक्षण आहे. मात्र हालचालींच्या समन्वयाच्या विकाराचे वेगळे निदान स्वमग्नतेबरोबर करता येते. आधीच्या आवृत्तीत तशी मुभा नव्हती. भारतात दिव्यांगत्व ठरवताना वापरल्या जाणाऱ्या ४० प्रश्नांच्या भारतीय मोजपट्टीतही सहा विभाग आहेत. हालचालींचा स्वतंत्र विभाग त्यांत नाही.

कारणमीमांसा : काही अभ्यासक बोट ठेवतात ते अनुमस्तिष्कावर, म्हणजे तोल व हालचालींचा मेळ सांभाळणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागावर. १९८५ मध्ये बाउमन व केम्पर यांनी तिथल्या पुरकिन्ये पेशी (मोठ्या चेतापेशी) कमी असल्याचे दाखवले. दुसरा गट स्नायूंचा सैलपणा व संवेदनांवरील प्रक्रियेकडे पाहतो. जीन आयर्स यांची संवेदन-एकात्मीकरणाची, म्हणजे मेंदू निरनिराळ्या संवेदना कशा जुळवतो याची, मांडणी (१९७२) या गटाला जवळची. तिसरे मत क्रिया-नियोजनाचे आहे : सांगितल्यावर कृती करणे, पाहून नक्कल करणे आणि साधन वापरणे या तिन्हींत ही मुले अडखळतात. स्वावलंबनाचा उलगडा या तिसऱ्या मताने अधिक होतो. काही प्रयोगांत या मुलांनी नवी हालचाल शिकताना डोळ्यांपेक्षा स्वतःच्या सांध्या-स्नायूंच्या जाणिवेवर जास्त भिस्त ठेवल्याचे दिसले. ‘बघ, असं कर’ एवढ्याने भागत नाही, त्याचे एक कारण हे असावे.

रोजची कामे : भाकरीचा तुकडा मोडणे हे वरवर सोपे काम. तर्जनीने भाकरी ताटात दाबून धरायची आणि अंगठा व मधल्या बोटाने तुकडा ओढायचा. म्हणजे एकाच हाताच्या एका बोटाने थांबायचे, बाकीच्यांनी हलायचे. डावा हात ताटाला लावायचा नाही ही रीत, त्यामुळे दुसऱ्या हाताचा आधारही नाही. मग आई रश्श्यात भाकरी चुरून देते, मूल जेवते, आणि मोडण्याचा सराव राहून जातो. शेजारपाजारचा शेरा ठरलेला : ‘लाडावलंय पोरगं.’ काही दिवस डाव्या हाताला मुभा देणे व्यवहार्य ठरते.

आंघोळीत डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटलेले असतात आणि तांब्याला दांडी नसते. हात कुठे आहे हे न बघता कळावे लागते. दांडीचा मग बरा. नाडीऐवजी इलॅस्टिक घालतात. कोल्हापुरी चप्पल चवड्यांवर चालणाऱ्या मुलाच्या पायात टिकत नाही : चपलेच्या अंगठ्यात बोट सारताना एका पायावर तोलावे लागते आणि मागे पट्टा नसतो.

शिकवण्याची रूढ पद्धत शेवटच्या पायरीपासून मागे येण्याची. शर्टाचे बटण मोठ्यांनी काजातून अर्धे आणायचे, मुलाने फक्त ओढून घ्यायचे; ते जमले की आधीची पायरी. व्यवसायोपचारतज्ज्ञ (बोलीत ‘ओटी’) कामाच्या अशा पायऱ्या पाडून देतात.

स्थानिक सोयी : दिव्यांगत्व प्रमाणपत्र कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयातून मिळते. स्वमग्नतेचा समावेश १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आहे.