आजीला मिसरीनं काही झालं नाही, मग?

माण-खटावकडच्या एखाद्या घरात तव्यावर मिसरी भाजायला घेतली की शेजारच्या घरात ठसका लागतो. काळी पडलेली तंबाखू कुटून डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं हिरड्यांना लावायची. ‘दात घासते’ म्हणत ती दिवसातून तीन-चारदा लागते. कॅन्सरचा विषय काढला की उत्तर तयार असतं : ‘आमच्या आजीनं जन्मभर लावली, नव्वदीत गेली, काही झालं नाही.’

आजीचं खरंच आहे. ते कसं खरं आहे हे कळलं की निम्मा कॅन्सर कळतो.

गालाच्या आतलं अस्तर रोज झिजतं आणि तळाच्या थरातल्या पेशी विभागून ती झीज भरून काढतात. दर विभागणीला पेशीतल्या डीएनएची, म्हणजे सुमारे ६०० कोटी अक्षरांची, नक्कल होते. एवढ्या मजकुरात चुका व्हायच्याच. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. उरलेली चूक हाती लिहिलेल्या सातबाऱ्यातल्या चुकीसारखी : गट नंबराचा एक आकडा चुकला की पुढच्या पुनर्लेखनातही तोच उतरतो. तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची रसायनं डीएनएला जाऊन चिकटतात आणि अशा चुका वाढवतात.

पण एका चुकीनं कॅन्सर होत नाही. घोटाळा होतो तो ठरावीक जनुकांत, म्हणजे डीएनएतल्या कामाच्या सूचनांत, चूक पडली तर. काही जनुकं पेशीला वाढायला सांगतात, काही थांबवतात, काही बिघडलेल्या पेशीला मरायला लावतात. बिघाडावर लक्ष ठेवणारं टीपी५३ हे जनुक जवळपास निम्म्या कॅन्सरांमध्ये मोडलेलं सापडतं. आर्मिटेज आणि डॉल या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९५४ मध्ये, कोणत्या वयात किती माणसं कॅन्सरनं जातात एवढ्याच आकड्यांवरून हिशेब मांडला की सहा-सात टप्पे पार पडल्याशिवाय हा रोग होत नसावा. डीएनएची रचना उलगडून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं! नुसत्या मृत्यूच्या नोंदींवरून माणसं इथवर पोचली याचं मला अजून नवल वाटतं. पुढे कळलं की टप्प्यांची संख्या कॅन्सरागणिक बदलते. पण मुद्दा टिकला.

म्हणजे एकाच पेशीत इतके बदल जमून यावे लागतात. आजीच्या तोंडात ते जमले नाहीत. दर चिमटीला शक्यता वाढते, खात्री होत नाही. शिवाय मिसरी लावून पंचावन्नाव्या वर्षी गेलेल्या जावेचं उदाहरण कुणी देतच नाही.

जमले तर पुढे काय? एक पेशी ३० वेळा दुप्पट झाली की शंभर कोटींच्या वर पेशी होतात, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरची गाठ. प्रत्यक्षात वाटेत पुष्कळ पेशी मरतात, त्यामुळे याला वर्षं लागतात. ‘गेल्या महिन्यात अचानक झाला’ म्हणतात तो गेल्या महिन्यात दिसलेला असतो.

तोंडात मात्र मधला काळही बघता येतो. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, किंवा त्याहून धोक्याचा लाल चट्टा. यातल्या पांढऱ्या चट्ट्यांपैकी बहुतेकांचा कॅन्सर होत नाही, पण कोणत्याचा होईल हे नुसतं बघून ठरत नाही, म्हणून तुकडा काढून तपासतात. बिघडलेल्या पेशी अस्तरातच आहेत तोवर त्याला कॅन्सर म्हणत नाहीत. अस्तराखालचा पातळ पडदा फोडून त्या खाली उतरल्या की झाला. तिथून पुढचा मुक्काम बहुधा मानेत मुळातच असलेल्या लसिका ग्रंथींत. सुरुवातीला दुखत नाही, हीच पंचाईत. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली कुठलीही फोड-जखम दाखवावी ती म्हणूनच.

‘तपासणीची सुई लागली की पसरतो’ ही भीती गावोगाव आहे. माणूस येतो उशिरा, तपासल्यावर पसरलेला आढळतो आणि खापर सुईवर फुटतं. सांगलीच्या पेठेत हळदीचंही माहात्म्य ऐकायला मिळतं. हळदीतलं कुरकुमिन प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारतं हे खरं, पण खाल्लेल्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. हळदीच्या दुधानं मिसरीचा हिशेब फिटत नाही.

पोरांचं दुखणं वेगळं : मावा. प्लॅस्टिकच्या कागदात चोळलेली सुपारी, तंबाखू, चुना. यातली नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलं. आधी तिखट सोसेनासं होतं, मग गाल आतून ताठतो, तोंड उघडेना होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, एवढं बघितलं तरी अंदाज येतो.

‘आता सोडून काय उपयोग?’ झालेल्या चुका पुसल्या जात नाहीत. नव्या पडायच्या कमी होतात आणि धोका वर्षांगणिक उतरतो. मिसरी सोडल्यावर काही जणींचे पांढरे चट्टे आपसूक विरतातही. सुपारीनं ताठलेला गाल मात्र सोडल्यावरही पहिल्यासारखा मऊ होत नाही.