रस्ता खोदून मोजलेला भ्रष्टाचार

नवीन रस्ता पहिल्याच पावसात उखडला की कोणीतरी पैसे खाल्लेत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, पण नक्की किती खाल्ले असं विचारलं की सगळे गप्प, कारण बिलं चोख असतात, सह्या असतात, शिक्के असतात. भ्रष्टाचारावर संशोधन करणाऱ्यांचीही बरीच वर्षं हीच पंचाईत होती, ते लोकांना तुम्हाला काय वाटतं असं विचारायचे आणि त्या वाटण्यावरच आकडे मांडायचे.

बेंजामिन ओल्केन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 2003-04 मध्ये इंडोनेशियात सरळ रस्ताच खोदायला घेतला. जावा बेटावरची 600 हून जास्त गावं, प्रत्येक गावात सरकारी योजनेतून दगड, खडी, वाळूचा छोटा रस्ता होणार होता. काम संपल्यावर इंजिनिअरांनी रस्त्यात ठिकठिकाणी चौकोनी खड्डे घेतले, जागा चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या, आणि थराची जाडी मोजून प्रत्यक्षात किती माल पडलाय ते काढलं. मालाचा खरा भाव त्या भागातल्या विक्रेत्यांकडून घेतला, मजुरी किती मिळाली ते गावकऱ्यांना विचारलं. एवढ्यावरून त्या रस्त्याला खरंच किती खर्च आला असेल तो आकडा निघतो, आणि गावाने दाखवलेला खर्च वजा हा आकडा म्हणजे गायब झालेला पैसा.

यात एक गोष्ट मला फार आवडली. थोडा माल वाहतुकीत सांडतो, थोडा जमिनीत दबतो, ती काही चोरी नाही. म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या देखरेखीखाली छोटे रस्ते बनवून घेतले, जिथे एक पैसाही खाल्ला जाणार नाही याची खात्री होती, मग तेही तसेच खोदले आणि प्रामाणिक कामातसुद्धा किती घट येते ते मोजून हिशोबातून वगळलं. उगाच कोणावर आळ येऊ नये म्हणून एवढी मेहनत! आपल्याकडे आरोप करणाऱ्यांनीही एवढी काळजी घेतली तर त्यांचं म्हणणं खोडणं कोणालाच जमणार नाही.

हे सगळं करूनही सरासरी जवळपास पाव भाग पैसा गायब निघाला.

आता खरा प्रयोग. काही गावांना काम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं की तुमच्याकडे सरकारी ऑडिट शंभर टक्के होणार आणि अहवाल गावाच्या सभेत वाचला जाणार, एरवी ऑडिटची शक्यता शंभरात 4 होती. दुसऱ्या काही गावांत हिशोबाच्या सभेची शेकडो निमंत्रणं घरोघर वाटली, काही ठिकाणी सोबत नाव न लिहिता तक्रार करायचे फॉर्मही दिले. ऑडिटवाल्या गावांत शंभर रुपयांमागे साधारण 8 रुपयांची चोरी थांबली. निमंत्रणांनी सभेला गर्दी वाढली, पण सरासरी चोरीवर फारसा फरक पडला नाही.

म्हणजे लोकांची देखरेख कुचकामी का? अजिबात नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. लोक सभेला आले तिथे मजुरीतली चोरी कमी झाली, मालातली मात्र तशीच राहिली. माझी मजुरी किती आणि हातात किती आली हे मला पक्कं माहीत असतं आणि ते मागायला मी भांडतो, पण खडीचा थर दोन बोटं कमी आहे हे वरून दिसतच नाही आणि दिसलं तरी त्यासाठी सरपंचाशी वाकडं कोण घेणार. गावकऱ्यांना फुगवलेले भाव ओळखता येत होते, कमी पडलेला माल ओळखता येत नव्हता, त्यामुळे चोरी बरीचशी मालातच लपलेली. तक्रारीचे फॉर्मही गावातल्या पुढाऱ्यांकडून न वाटता शाळेतून वाटले तिथेच उपयोगी पडले. आणि ऑडिट झालेल्या गावांत पुढाऱ्यांच्या नातेवाईकांना कामावर घेणं वाढलं, म्हणजे एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया घेतल्या, त्यात हजेरीपट मोठ्याने वाचले जायचे आणि लोक उठून सांगायचे, मी तर कामावर नव्हतोच, हा माणूस तर मेलाय. तिथेही सुरुवात मजुरीपासूनच झाली होती हे लक्षात घ्या.

उलट नुसतं ॲप आणून काय होतं तेही आपण बघितलंय. रोहयोच्या कामांवर 2023 पासून मोबाईलवरून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो टाकणं सक्तीचं केलं आणि 2025 मध्ये केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावं लागलं की भलतेच फोटो चढवले जातायत, फोटोचाच फोटो काढून टाकला जातोय. त्या फोटोकडे नंतर कोणी बघणारच नसेल तर त्याचा धाक कोणाला वाटणार? आणि नेटवर्क नसेल तर खरं काम केलेल्या बाईची हजेरी बुडते ती वेगळीच. याचा मला मनापासून राग येतो.

जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजायचा हक्क मात्र आपल्याला कायद्यानेच दिलाय. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 2 मधला माहितीच्या अधिकाराचा भाग उघडून बघा, त्यात फक्त कागदाची झेरॉक्स नाहीये, कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही स्पष्ट लिहिलंय. सरकारी रस्त्याचा नमुना मागता येतो! अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत 30 दिवस. सोबत अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात तिची, प्रत मागायची, थर किती जाडीचा दाखवलाय ते तिच्यात असतं. आणि नमुना रस्त्याच्या कुठल्या ठिकाणचा हवा ते अर्जात आपणच लिहायचं, तेही चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणचे मागायचे, कारण जागा निवडायचं काम ऑफिसवर सोडलं तर सगळ्यात चांगला झालेला तुकडाच हातात येईल.