पनीर किसलं म्हणून त्याचा छेना होत नाही

दर दिवाळीत भाऊबीजेच्या आदल्या रात्री मला एक तरी फोन येतोच. "काकू, रसगुल्ल्याचे गोळे पाकात सोडले आणि सगळे विरघळले हो!" छेना, म्हणजे रसगुल्ल्यासाठी फाडलेल्या दुधाचा मऊ चोथा, कसा केलास, असं विचारलं की पलीकडं जरा गप्प होतं. मग हळूच, "छेना नाही केला. विकतचं पनीर आणलं, किसलं, मिक्सरमधून काढलं आणि मळलं. सारखंच की ते." गेल्या वर्षी हा उद्योग माझ्या सख्ख्या नणंदेनं केला. मी इथं सांगलीत विश्रामबागेतून गावभागात पोचेपर्यंत पातेल्यात वर फेस, मधे दुधाळ पाक आणि तळाला रव्यासारखा गाळ. रात्री साडेदहाला आम्ही दोघींनी ते सगळं आटवलं, वेलदोडा घातला आणि दुसऱ्या दिवशी कलाकंद म्हणून वाढलं. भाऊबीजेला आलेल्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, दोनदा मागून घेतला. त्यांना अजून माहीत नाही.

"सारखंच की ते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

पनीरबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? ते फ्रिजमध्ये पडलेलंच असतं. हायवेच्या कुठल्याही ढाब्यावर मेनूकार्डाचं अर्धं पान त्याचंच. दूध तापवून आंबट घालून फाडायचं, फडक्यात बांधायचं, वर वजन ठेवायचं, वड्या कापायच्या. झालं.

छेनाही दूध फाडूनच होतो. रसगुल्ला, रसमलाई, संदेश, चमचम, ओडिशाचा छेनापोडा हे सगळं त्याचं. आपल्याकडं तो मुद्दाम कुणी करत नाही. दूध नासलं की नाइलाजानं होतो आणि साखर घालून संपवला जातो. म्हणूनच असेल, मराठीत त्याला धड नाव नाही, आणि नाव नसलेली वस्तू शेजारणीच्या नावावर खपते. तिकडं मात्र त्याच्या गोळ्यावरून दोन राज्यं भांडली. बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन २०१७ला मिळालं, ओडिशाच्या रसगोल्याला २०१९ला. (मधल्या २०१८ला आपल्या सांगलीच्या हळदीला मिळालं, पण ती कुणाशी भांडली नाही.)

आता घोटाळा कुठं होतो ते बघा. जो तो सांगतो, छेना दाबला की पनीर. म्हणजे फरक काय तो पाण्याचा. ऐकायला सोपं आहे आणि तेवढ्यापुरतं खोटंही नाही. पण त्यातून माणूस उलटा हिशेब मांडतो, की पनीर मोडलं, थोडं पाणी मारलं की परत छेना. इथंच सगळे गोळे फुटतात. अन्नसुरक्षेच्या नियमात पनीरमध्ये पाणी जास्तीत जास्त ६० टक्के चालतं आणि छेन्यात ६५. पाचच टक्क्यांचं अंतर! तेवढं तर किसताना हातालाच लागतं. पाच टक्के पाण्यानं एक पदार्थ तव्यावर उभा राहतो आणि दुसरा पाकात फुगून दुप्पट होतो, हे पटतं का तुम्हाला?

खरा फरक दाण्याचा आहे, आणि दाणा ठरतो पातेल्यात. फडक्यात जाण्याच्या आधीच. दूध फाटताना जो चोथा तयार होतो, तो कडक दाण्याचा की लुसलुशीत, हे त्या दोन-तीन मिनिटांत ठरून जातं. पनीरला घट्ट, एकमेकाला धरून बसणारा दाणा लागतो. गरम असतानाच तो दाबला की दाणे एकमेकांत रुततात आणि एकजीव वडी होते. एकदा रुतले की सुटत नाहीत. किसणीवर तुम्ही त्या वडीचे बारके तुकडे करता, इतकंच. मिक्सरमध्ये आणखी बारके. प्रत्येक तुकडा मात्र पनीरच राहतो, आत घट्ट आणि बाहेर कुणाला चिकटायला तयार नाही. मळून त्याचा गोळा होतो, अगदी गुळगुळीत दिसतो, त्यामुळं माणूस फसतो. उकळत्या पाकात गेला की तुकडे एकमेकांचा हात सोडतात. काही गोळे टिकलेच तर ते खोडरबरासारखे होतात, दाताखाली चुरचुर वाजतात.

छेन्याचा दाणा मुळात मऊ ठेवायचा असतो, कारण तो पुढं मळून पार मोडायचा असतो. हातानं दाणा नाहीसा करता आला पाहिजे. हीच परीक्षा, बाकीचं सगळं तिच्यासाठी.

आता हा दाणा मऊ कसा ठेवायचा? आपल्याकडं पहिली आडवी येते ती म्हैस. सांगली-कोल्हापूरकडं म्हशीच्या दुधाचा अभिमान किती, हे मी काय सांगावं. बोटभर साय नाही आली तर रतीब बदलतात लोक. पनीरला हेच दूध उत्तम. म्हशीच्या दुधात केसीन हे प्रथिन जास्त, त्याचे कण मोठे, कॅल्शियम जास्त, स्निग्धांश जास्त. चोथा कसा, भरघोस आणि घट्ट पडतो. आणि नेमकं तेच छेन्याच्या मुळावर येतं. मी स्वतः पहिल्यांदा रसगुल्ले केले ते घरच्या रतिबाच्या दुधाचे, "चांगल्यात चांगलं दूध" म्हणून. गोळ्या झाल्या त्या पोरांनी अंगणात टप्पा देऊन दाखवल्या. छेन्याला गाईचं दूध घ्या. पिशवीवर ३.५ आणि ८.५ असे आकडे असतात ते, साधं, स्वस्त. लांब टिकणारं खोक्यातलं दूध मात्र नको. ते आधीच फार तापवलेलं असतं, त्याचा चोथा लिबलिबीत पडतो आणि निम्मा फडक्यातून निसटतो.

गाईचं मिळालंच नाही तर म्हशीच्या दुधात लिटरला पाव लिटर पाणी घालून मग फाडा, दाणा बराच नरमतो. दूधवाल्यानं पाणी घातलं तर आभार मानावेत असा हा आयुष्यातला एकमेव प्रसंग.

दुसरं, किती गरम असताना फाडायचं. जितकं गरम, तितका दाणा कडक. उकळी फुटलेल्या दुधात लिंबू पिळणं ही आपली जुनी सवय, आणि पनीरला ती फारशी बाधत नाही. छेन्याला गॅस बंद करून, तीन-चार मिनिटं थांबून, ८० अंशांच्या आसपास आलं की फाडायचं. म्हशीचं असेल तर आणखी खाली, ७०वर. थर्मामीटर नसेल तर उकळी पूर्ण बसून वर पातळ साय धरू लागते तो सुमार धरा. आंबट पातळ करून घाला. लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि तितकंच पाणी, चमच्या-चमच्यानं, डाव हळू फिरवत. हिरवट, स्वच्छ निवळी (चोथ्यावेगळं झालेलं पाणी) दिसली की त्या क्षणी थांबायचं. लिंबू उरलं म्हणून पिळत बसू नका. सरळ व्हिनेगर ओतणाऱ्या माणसाला मी छेना शिकवत नाही.

तिसरं म्हणजे फाटल्यावर काय करायचं, आणि इथं दोघांच्या वाटा अगदी उलट. पनीर गरम असतानाच गाळून, गरमच दाबायचं. थंड झालं की वडी सांधत नाही, कापताना भुगा होतो. मग ती वडी दोन-तीन तास गार पाण्यात. छेन्याला मात्र निवळी दिसताच पातेल्यात वाटीभर बर्फ किंवा गार पाणी. नाहीतर तो त्याच्याच उष्णतेवर शिजत राहतो आणि तुम्ही मेहनतीनं मऊ ठेवलेला दाणा दहा मिनिटांत कडक होतो. मग गाळायचा, नळाखाली धरून लिंबाचा वास घालवायचा आणि अर्धा तास नळालाच टांगून ठेवायचा. वजन नको, पिळणं नको. मुठीत दाबला तर पाणी टपकू नये, पण तळवा ओलसर व्हावा.

आणि मग मळणं. हे फोनवर सांगून कळत नाही, म्हणून जरा नीट सांगते. छेना परातीत घ्यायचा. बोटांनी नाही, तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं, पुढं रेटत परातीला सारवल्यासारखा पसरायचा, गोळा करून परत. पहिली दोन मिनिटं तो रवाळ लागतो आणि माणसाला वाटतं बिघडलं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला आवाज बदलतो, खरखर बंद होते. सातव्या-आठव्याला तळव्यावर अगदी पुसटशी चमक येते, तूप लागल्यासारखी. बस्स, तिथं थांबायचं. पुढं गेलात तर तूप सुटतं आणि रसगुल्ला पाकात चपटा होतो. सुपारीपेक्षा जरा मोठे, भेग नसलेले गोळे वळा, आणि एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी अशा पातळ, खळखळत्या पाकात झाकण ठेवून पंधरा मिनिटं. मळताना मोडलेला मऊ दाणा आता जाळीसारखा ताणतो, आतल्या पाण्याची वाफ त्याला फुगवते. पनीरचा दाणा ताणत नाही, फुटतो. गार पाण्याच्या वाटीत एक टाकून बघा, बुडाला की झाला.

हेच पनीर मळून पहा. आठ मिनिटं नाही, अर्धा तास मळा. खरखर काही जाणार नाही.

उलट चूकही लोक करतात, कमी करतात पण करतात. गाईच्या दुधाचा मऊ छेना चेपून, चौकोन कापून मसाल्यात टाकतात आणि ढवळलं की भाजीची भुर्जी होते. पनीर विरघळत नाही, वितळत नाही, म्हणूनच तर ते रश्श्याचं. दूध खूप तापवल्यावर निवळीतली प्रथिनंही केसीनला चिकटून बसतात, आणि आंबटानं ते सगळं एकत्र गोठतं. पिझ्झ्यावरच्या चीजसारखी त्याला तार येत नाही, कितीही तापवा. ते तळून कातडं करायची मात्र काय गरज असते देव जाणे. वड्या मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि शेवटी रश्श्यात सोडा. तळलेलं पनीर घालणाऱ्या केटररला मी दुसरं काम देत नाही.

भुर्जी, पराठ्याचं सारण, कोफ्ते, यांत काहीही चालतं. हाताशी असेल ते घ्या. पराठ्याला मला छेना बरा वाटतो, लाटताना टोचत नाही. भाचीला लझानियासाठी रिकोटा, म्हणजे मऊ इटालियन चीज, हवा होता, तो मिरजेतही मिळाला नाही आणि सांगलीतही. रिकोटा मुळात निवळीपासून करतात, पण छेना चमचाभर दुधात सैल करून दिला आणि तिच्या पाहुण्यांनी काही विचारलं नाही. किसलेलं पनीर दिलं असतं तर विचारलं असतं.

चक्क्याचं एका ओळीत सांगते, कारण तोही या भांडणात ओढला जातो: तो विरजलेल्या दुधाचा, न तापवता गोठलेला, श्रीखंडाला राजा, पण गरम रश्श्यात टाकला तर फुटतो आणि पाकात तर नावही घेऊ नका. आणि हॉटेलच्या कार्डावर पनीरला "कॉटेज चीज" लिहितात त्यांना कुणीतरी सांगा हो. ते विरजण लावून, कमी उष्णतेवर केलेलं, मोकळ्या दाण्याचं, जरा पातळसर असतं. त्याचा टिक्का सळईला लागेपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

विकत घ्यायचं असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. वनस्पती तेल दिसलं, "ॲनालॉग" दिसलं, तर ते पनीरच नाही, मग छेना कुठला. सुट्टं घेताना एक कोपरा चोळून बघा. चांगलं पनीर आधी दबतं मग मोडतं, दुधाचा वास येतो. बनावट रबरासारखं परत उसळतं किंवा पिठूळ लागतं. तयार छेना इकडं दुकानात मिळतो असं समजून निघूच नका. मिठाईवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर देतात, पण तेही पनीरच पुड्यात बांधून देतात कधीकधी. एकदा माझ्या हातात तसा पुडा पडला होता. चिमूटभर परातीवर सारवून बघितलं, खरखरलं. परत नेऊन दिला.

निवळी फेकू नका. भाकरीचं पीठ तिनं भिजवा, वरणात घाला. आणि एक बाटली भरून ठेवा. ती आंबली की पुढच्या वेळी दूध फाडायला लिंबाऐवजी तीच घाला. बंगाली हलवाई हेच करतात. तिचा आंबटपणा सौम्य असतो आणि धुवायची कटकट कमी. बाटलीवर चिठ्ठी मात्र चिकटवा. आमच्या ह्यांनी मागच्या महिन्यात लिंबूपाणी समजून, वर साखर-मीठ घालून, सगळी पिऊन टाकली, आणि "आज जरा पातळ झालंय" म्हणाले.