बुटक्या पायांचे विमान

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर काचेला नाक लावून उभ्या असलेल्या भाचीने विचारले, "मामा, ह्या विमानाचं इंजिन खालून चेपलंय कसं? कुठे आपटलं?" समोर बोइंग 737 उभे होते. मी सांगायला तोंड उघडले आणि आमच्या विमानाची घोषणा झाली. राहिलेले उत्तर इथे देतो, कारण ऑक्टोबर 2025मधल्या एका बातमीचे मूळही त्या चेपलेपणातच आहे.

त्या महिन्याच्या 7 तारखेला बोइंगची युरोपातली स्पर्धक असलेल्या एअरबसने सौदी अरेबियाच्या फ्लायनास कंपनीला ए320 घराण्यातले एक विमान दिले. सिरियम या हवाई आकडेवारी ठेवणाऱ्या संस्थेच्या मोजणीनुसार ते या घराण्याचे 12,260वे. ग्राहकांना दिलेल्या विमानांच्या संख्येत त्या विमानाने 737ला मागे टाकले. मधोमध एकच वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, अशी ही दोन्ही विमाने. 737 प्रवाशांच्या सेवेत आले 1968मध्ये, ए320 आले 1988मध्ये. वीस वर्षे उशिरा आलेल्याने सदतीस वर्षांत ती तूट भरून काढली. आमच्याकडे जुनी माणसे कुठल्याही मोठ्या विमानाला 'बोइंग'च म्हणतात, जसे मातीत हात घालणारे प्रत्येक यंत्र म्हणजे जेसीबी. त्यांना हे पटायला वेळ लागेल.

बोइंग मागे पडले ते 2018 आणि 2019मधल्या दोन अपघातांमुळे, असे सर्रास म्हटले जाते. त्या अपघातांचा फटका बसला यात शंका नाही. पण माझ्या मते खरा घोटाळा साठच्या दशकातच होऊन बसला होता, आणि तो सेंटिमीटरमध्ये मोजता येतो: पंखापासून जमिनीपर्यंतचे अंतर.

737चा आराखडा झाला तेव्हा लहान विमानतळांवर सामान चढवायला पट्टे नव्हते, शिड्या नव्हत्या. म्हणून विमान मुद्दाम बुटके केले. माणसाने खाली उभे राहून पेट्या पोटात ढकलाव्यात, विमानाने स्वतःचीच शिडी बाहेर काढावी. त्या काळची इंजिने सडपातळ, पुढचा पंखा जेमतेम एक मीटर व्यासाचा. पंखाखाली ती सहज मावली. (पंख आणि पंखा यांची गल्लत करू नका, पुढचा सगळा मजकूर त्यावरच आहे.)

आता माझ्या आवडीचा भाग. जेट इंजिन हवा मागे फेकते आणि स्वतः पुढे जाते, हे न्यूटनचे आपण शाळेत शिकलो. पण तेवढाच जोर दोन तऱ्हांनी मिळतो: थोडी हवा खूप जोरात फेका, किंवा पुष्कळ हवा बेताने. समजा, इंजिन सेकंदाला 100 किलो हवा घेते आणि तिचा वेग सेकंदाला 400 मीटरने वाढवते. जोर झाला 100 गुणिले 400, म्हणजे 40,000 न्यूटन. दुसरे इंजिन 400 किलो हवा घेऊन तिचा वेग फक्त 100 मीटरने वाढवते. जोर तोच, 40,000.

खर्च मात्र तोच नाही. मागे फेकलेल्या हवेत गतिज ऊर्जा उरते, ती विमानाच्या काही कामाची नसते. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या इंजिनात निम्मे गुणिले 100 गुणिले 400चा वर्ग, म्हणजे दर सेकंदाला 80 लाख ज्यूल वाया. दुसऱ्यात निम्मे गुणिले 400 गुणिले 100चा वर्ग: 20 लाख. विमान सेकंदाला 230 मीटरने उडत असेल तर दोघांचेही उपयोगी काम 92 लाख ज्यूल. म्हणजे पहिल्याची कार्यक्षमता 53 टक्के, दुसऱ्याची 82 टक्के. आकड्यांनी डोके गरगरले असेल तर चोडण बेटाच्या बाजूला होडी वल्हवणाऱ्याकडे बघा. रुंद पात्याचे वल्हे तो सावकाश मारतो आणि होडी सरकते. चमच्याने कितीही जोरात पाणी उपसले तरी फेसच जास्त.

तर वल्हे रुंद हवे, म्हणजे पंखा मोठा हवा. पंख्यातून आलेली बरीचशी हवा इंजिनाच्या तापलेल्या गाभ्यात जातच नाही, बाहेरून वळसा घालून मागे जाते. 737च्या पहिल्या इंजिनात गाभ्यातल्या एक भाग हवेला बाहेरची साधारण एक भाग. सीएफएम कंपनीच्या आजच्या लीप इंजिनात ए320वर हे प्रमाण सुमारे अकरा, 737च्या नव्या पिढीवर, म्हणजे 737 मॅक्सवर, सुमारे नऊ. कंपनी तीच, इंजिनाचे घराणे तेच, मग फरक का? ए320वरचा पंखा 198 सेंटिमीटर व्यासाचा आहे, मॅक्सवरचा 176. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जाते, म्हणून ए320चा पंखा जवळजवळ सव्वापट हवा कवेत घेतो. मॅक्सला मोठा पंखा नको होता असे नाही. तो जमिनीला घासला असता.

चेपलेपणाचे उत्तर इथे येते. 1984मध्ये 737-300ला पहिल्यांदा जाडजूड इंजिन लावले, तेव्हा पंखा थोडा कापला, इंजिनाखाली लोंबणारी जोडयंत्रे बाजूला नेली आणि आवरणाचे तोंड खालून सपाट केले. 2010च्या डिसेंबरात एअरबसने नव्या इंजिनाचे ए320 निओ जाहीर केले. उंच पायांमुळे त्यांना फारशी तोडफोड करावी लागली नाही. जुलै 2011मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने 260 विमाने एअरबसकडे मागितल्यावर बोइंगची झोप उडाली आणि पुढच्याच महिन्यात मॅक्स जाहीर झाले. त्याचा पुढचा पाय सुमारे 20 सेंटिमीटरने लांबवला, इंजिन पुढे आणि वर सरकवले. नाक खूप वर असताना हे पुढे आलेले आवरणच विमानाला आणखी वर उचलू लागे. ते आवरायला एमकॅस नावाची संगणकप्रणाली घातली, तीही एकाच संवेदकावर विसंबणारी. ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019मधल्या दोन अपघातांत 346 माणसे गेली.

जाता जाता. 737 आणि ए320 निओ ही दोन्ही विमाने सर्वांत आधी हाती पडली ती जर्मनीच्या लुफ्थान्सा कंपनीच्या. तिच्या विमानांत तेरा क्रमांकाची रांग नसते आणि सतराचीही नसते. बारानंतरच्या रांगेत बसणारा तेराव्याच रांगेत असतो, हे मोजता येणाऱ्या कुणालाही कळेल. नव्या गाडीपुढे गाऱ्हाणे घालून लिंबू-मिरची बांधणाऱ्या आपल्या लोकांना हसण्याचा अधिकार युरोपाला नाही, एवढेच.

ऑर्डरींच्या आकड्यांवरही फार भाळू नये. जून 2023मध्ये इंडिगोने 500 विमाने एकदम मागितली, टाळ्या वाजल्या. पण ऑर्डर म्हणजे साखरपुडा. 2025च्या मध्याला एअरबसच्या आवारात साठच्या आसपास विमाने तयार उभी होती, फक्त इंजिने यायची होती. गो फर्स्ट ही भारतीय विमान कंपनी मे 2023मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिनेही बोट दाखवले ते प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांकडे. या इंजिनात पंखा आणि टर्बाइन (तापलेल्या वायूने फिरणारी मागची चक्री) यांच्यामध्ये दातेरी चाकांची पेटी आहे. टर्बाइन भरधाव फिरते, पंखा तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या वेगाने. कल्पना इतकी देखणी की तिच्यावर माझा जीव आहे. दुखणे त्या पेटीचे नव्हतेच. 2023मध्ये बाहेर आलेला दोष धातूच्या भुकटीपासून केलेल्या चकत्यांत होता.

भाचीला आणखी एक खूण सांगितली आहे. विमान उडाले की पोटाकडे बघ. 737ची मोठी चाके आत गेल्यावरही त्यांना झाकणारे दार नसते, दोन काळ्या चकत्या उघड्याच दिसतात. ए320चे पोट बंद होते. परवा फोनवर तिने तीन 737 आणि सात ए320 मोजल्याचे सांगितले.

आणि आता पाळी एअरबसची. सीएफएमने 2021मध्ये जाहीर केलेल्या राइझ इंजिनाला आवरणच नाही, पाती उघडी, पंखा आजच्याच्या जवळपास दुप्पट रुंद. ए320चे पायही त्याला पुरायचे नाहीत. हवेतल्या चाचणीसाठी विमान निवडले आहे ते दुमजली ए380.