ट्रोलिंग मोटर आणि फिश फाइंडर: होडीच्या वायरिंगबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

होडीवर ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवणारी बॅटरीवरची छोटी मोटर) आणि फिश फाइंडर (सोनारने, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून, मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र) बसवून घ्यायला तुम्ही आलात की आम्ही आधी टेप काढून होडीची लांबी मोजतो, बॅटरी कुठे ठेवणार ते विचारतो आणि कागदावर वायरचा रस्ता काढतो. मोटरचा खोका त्यानंतर उघडतो. काही जणांना हा वेळकाढूपणा वाटतो. पण मालवणपासून विजयदुर्गपर्यंतच्या खाड्यांतून ज्या होड्या आमच्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांत मोटर जळालेली क्वचितच सापडते. दोष बहुतेक वेळा वायरमध्ये, जोडात किंवा फ्यूजमध्ये असतो. काम आमच्याकडून करून घ्या किंवा गावातल्या वायरमनकडून, पण बॅटरीपासून नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, काय जोडलंय ते तुम्हाला माहीत असायला हवं. खाडीच्या तोंडाशी सुकतीच्या (ओहोटीच्या) ओढीत मोटर बंद पडते तेव्हा होडीत तुम्ही असता, आम्ही नसतो.

दोघांची भूक वेगळी

५५ पौंड थ्रस्टची (थ्रस्ट म्हणजे ढकलण्याचा जोर) १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरपर्यंत करंट ओढते. पाच इंची फिश फाइंडरला एक अँपिअरही पुष्कळ होतो. मोटर दांडगी आहे, थोडं कमी-जास्त झालं तरी फिरत राहते. फिश फाइंडर मात्र नाजूक. व्होल्टेज पडलं की बंद होतो आणि वायरमध्ये जरा गडबड असली की पडद्यावर रेघा उमटतात. या दोघांना एकाच वायरवर बसवणं ही आम्हाला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक आहे.

गेल्या हंगामात एक अठरा फुटी फायबर होडी आली. मालक खडपाच्या कडेने तांबोशी आणि चोणक गरवणारे. तक्रार अशी की मोटर जोरात टाकली की फिश फाइंडर बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. यंत्रच खराब निघालं असं समजून ते परत पाठवायच्या तयारीत होते. आम्ही होडी पाण्यात ठेवून, मोटर पूर्ण वेगात चालू करून मीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर १२.१ व्होल्ट, नाळेवर मोटरच्या प्लगपाशी ९.७. फळी उचलली तर खाली घराच्या वायरिंगची ४ स्क्वेअर एमएमची वायर, हात ठेववत नव्हता इतकी तापलेली. मध्येच एक जोड, नुसता पिळून काळी टेप गुंडाळलेला. टेप सोडवली तेव्हा आतल्या तारा हिरव्या पडलेल्या होत्या आणि बोटांत चोळल्यावर त्यांचा भुगा झाला. फिश फाइंडरची वायर त्या प्लगपाशीच मोटरच्या वायरला जोडली होती, म्हणजे जिथे व्होल्टेज सर्वांत कमी तिथेच. दोन्ही यंत्रं ठणठणीत होती. जाड वायर टाकली, फिश फाइंडरला थेट बॅटरीपासून स्वतःची जोडी दिली, आणि ती तक्रार संपली.

वायर किती जाड?

दुकानात गेल्यावर “मोटरला चालेल अशी वायर द्या” म्हणू नका, स्क्वेअर एमएमचा आकडा सांगा. अठरा फुटी होडीत बॅटरी मागे आणि मोटर नाळेवर असेल तर वायर एका बाजूने साधारण ५ मीटर लागते. करंट जाऊन परतही येतो, म्हणून हिशेब १० मीटरचा धरायचा. ५० अँपिअरला ४ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच जातात. ६ मध्ये दीडच्या वर, १० मध्ये एक व्होल्टला थोडे कमी, १६ मध्ये ०.६ आणि २५ मध्ये ०.४. वाटेत गेलेला प्रत्येक व्होल्ट वायर तापवण्यात जातो आणि तुमची बॅटरी रिकामी करतो. आम्ही या लांबीला १६ च्या खाली उतरत नाही. होडी मोठी असेल तर २५. बॅटरीच नाळेकडे ठेवता आली तर वायर आखूड होते आणि पैसेही वाचतात, पण होडी नाळेवर बसणार नाही ना, ते आधी माणसं बसवून बघावं लागतं.

वायर तांब्याची, बारीक तारांची आणि कल्हई केलेली हवी. साध्या तांब्याच्या वायरला खारं पाणी टोकातून आत ओढण्याची सवय असते. बाहेरून इन्सुलेशन नवं दिसतं आणि आत वीतभर लांब तार काळी पडलेली असते. कल्हईची वायर महाग पडते हे खरं आहे, तरी या एका वस्तूवर आम्ही घासाघीस करू देत नाही.

मोटर निवडतानाचा आमचा अंदाज असा: माणसं, बर्फ, इंधन धरून होडीचं वजन काढायचं आणि दर ४५ किलोला २ पौंड थ्रस्ट धरायचा. ६०० किलोला २७ पौंड निघतात. तळ्यात तेवढं पुरेल. आपल्या खाडीत भरती-ओहोटीची ओढ असते, म्हणून दुप्पट घ्या. ५५ पौंडांच्या वर बहुतेक मोटरी २४ व्होल्टच्या असतात, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडाव्या लागतात.

फ्यूज बॅटरीजवळ

फ्यूज मोटरला वाचवतो असं अनेकांना वाटतं. तो वायरला वाचवतो. वायर कुठेतरी घासून प्लस-मायनस चिकटले तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि फायबरच्या होडीत फळीखाली आग लागायला तेवढं पुरतं. नाळेवर मोटरपाशी फ्यूज बसवला तर मधली पाच मीटर वायर उघडीच राहिली. अमेरिकेतल्या बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकाचा मूळ नियम फ्यूज बॅटरीच्या टोकापासून ७ इंचांत, म्हणजे १८ सेंटीमीटरच्या आत ठेवायला सांगतो. वायर वेगळ्या नळीतून नेली तर त्यात थोडी सूट आहे, पण आम्ही ७ इंचच धरतो. ५० अँपिअरच्या मोटरला ६० अँपिअरचा, हाताने पुन्हा चालू करता येणारा, पाणी न शिरणारा ब्रेकर लावतो. फिश फाइंडरला ३ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपाशीच. घरातली एमसीबी होडीवर लावू नका. खाऱ्या हवेत तिचे आतले संपर्क एका हंगामात खराब होतात आणि ती पडायला हवी तेव्हा पडेल याची खात्री राहत नाही.

बॅटरी आणि पेट्रोलचा कॅन एकाच बंद कप्प्यात कधीही नको. स्विच टाकताना ठिणगी उडू शकते, आणि ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

बॅटरी कोणती

गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला केलेली असते, तासन्‌तास करंट द्यायला नाही. दोन-चार वेळा पूर्ण उतरली की ती कामातून गेली. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पुष्कळ जण घरून उचलून आणतात. तिची ताकद चांगली असते, पण वजन फार, आणि लाटेत कलंडली तर ॲसिड फळीवर. १०० एएचची (अँपिअर-तासांची) शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून पूर्ण वेगात ती तासभरही धरत नाही. तितक्याच एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी दीड-पावणेदोन तास देते आणि वजन साधारण बारा-तेरा किलो. वेग निम्मा ठेवलात तर दोन्ही कितीतरी जास्त चालतात, कारण वेग वाढवला की करंट त्याच्या कितीतरी पट वाढतो.

लिथियमची एक गोष्ट मात्र आम्ही प्रत्येकाला समोर बसवून सांगतो. शिशाची बॅटरी उतरत जाते तसं व्होल्टेज हळूहळू पडतं, फिश फाइंडरच्या कोपऱ्यात आकडा दिसतो, अंदाज येतो. लिथियम शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते आणि मग एकदम बंद होते. आकड्यावर भरवसा ठेवून परतीची वाट धरू नका. किती एएच वापरले ते मोजणारा मीटर आम्ही सोबत लावून देतो. तो नको असेल तर घड्याळ बघून निघा, आणि वल्हं होडीत असू द्या. चार्जरही लिथियमचाच हवा.

२४ व्होल्टच्या जोडीत एक चूक धोक्याची आहे: फिश फाइंडरसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणं. एक बॅटरी आधी उतरते, दुसरी भरलेली राहते आणि जोडी बिघडते. त्यातही वरच्या बॅटरीवरून (जिचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडलेला असतो) घेतलं तर फिश फाइंडरचा मायनस मोटरच्या मायनसपेक्षा १२ व्होल्टने वर बसतो. कुठे दोन्हींची गाठ पडली की शॉर्ट.

पडद्यावरच्या रेघा

बहुतेक नव्या मोटरी वेग कमी करायला करंट सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात. त्याचा गोंगाट सोनारच्या वायरमध्ये शिरतो आणि पडद्यावर ठिपके, उभ्या रेघा दिसतात. बऱ्याचदा मधल्या वेगाला त्रास जास्त, आणि पूर्ण वेगाला एकदम साफ, कारण तिथे तोडणं-जोडणं थांबतं. असं दिसलं तर यंत्र चांगलं आहे, वायरची जागा बदलायची.

यावर आमचा पक्का उपाय म्हणजे फिश फाइंडरला वेगळी छोटी बॅटरी. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची, दोन-सव्वादोन किलोची, पहाटेपासून दुपारपर्यंत आरामात चालते. ट्रान्सड्यूसरची (फिश फाइंडरच्या पाण्यातल्या, आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागाची) वायर होडीच्या एका बाजूने, मोटरची दुसऱ्या बाजूने न्यायची. ओलांडावीच लागली तर काटकोनात. उरलेली वायर मोटरच्या वायरजवळ गुंडाळून ठेवायची नाही.

नाळेवर एक आणि मागे एक असे दोन फिश फाइंडर असतील तर दोघांचे सोनार एकाच फ्रिक्वेन्सीवर ठेवू नका, एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जातो. एक २०० किलोहर्ट्झवर, दुसरा ८३ वर. मागचा ट्रान्सड्यूसर आउटबोर्डच्या (होडीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनच्या) पंख्यापासून निदान ३८ सेंटीमीटर लांब, फेस येत नाही अशा जागी.

जोड, आणि पाण्यात गेल्यावर

थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबयंत्राने दाबून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून जोड केला तर तो टिकतो. नुसत्या डागाने (सोल्डरने) जोडू नका. होडी सतत हादरते आणि डागापाशी कडक झालेली तार तिथेच तुटते. फळीखाली मध्ये जोड ठेवायचाच नाही, बॅटरी ते प्लग सलग एक तुकडा. यंत्राजवळ वायरला खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी तिथून ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

मोटर खाऱ्या पाण्याची नसेल तर खाडीत टाकू नका. खाऱ्या पाण्याच्या मोटरलाही पंख्याजवळ झिंक (मोटरऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) असतो, तो झिजून निम्मा झाला की बदला. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा. पंधरा दिवसांनी पंखा काढून मागे शाफ्टवर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळलाय का ते बघा. तो सील कापतो, पाणी आत जातं, आणि तेव्हा मात्र मोटर खरंच जाते.

काम झालं की आम्ही होडी पाण्यात घालून, मोटर पूर्ण वेगात चालवून बॅटरीपाशी आणि प्लगपाशी व्होल्ट मोजतो. दोन्ही आकडे आणि तारीख लिहिलेलं कार्ड बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं असतं. वर्षभराने तुम्ही स्वतः मोजा. फरक कार्डावरच्यापेक्षा अर्धा व्होल्ट वाढला असेल तर एखादा जोड खराब होत आलाय, होडी घेऊन या.

१ जूनला मासेमारी बंदी लागते आणि होडी वर काढली जाते, तेव्हा बॅटरी होडीत सोडू नका. शिशाची पूर्ण चार्ज करून घरी ठेवा आणि महिन्याला एकदा चार्जरला लावा. लिथियम अर्धी भरून, वायर सोडून, कोरड्या जागी. प्लगमध्ये सुका कपडा फिरवून त्याला टोपी लावा, आणि वायरचं उघडं टोक जमिनीकडे वळवून बांधा, म्हणजे पागोळीचं पाणी त्यात उतरणार नाही.